कथा त्यांची, कथेकरी कोण?

घुबड आणि डोमकावळा यांची गाढ मैत्री होती. एके दिवशी कावळ्याने घुबडासाठी पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा सुरेख अंगरखा शिवला. उपकाराची फेड म्हणून घुबडाने कावळ्याला देवमाशाच्या हाडाचे जोडे करून दिले आणि त्याच्यासाठी शुभ्र अंगरखा शिवावयास घेतला. अंगरखा बेतून पाहण्याची वेळ आली, तेव्हा कावळा काही केल्या एका जागी थाऱ्यावर राहीना. घुबडाने समजावले, दटावले, दिवा अंगावर ओतण्याची धमकी दिली. तरीही उड्या थांबेनात. अखेर संतापलेल्या घुबडाने चरबीच्या तेलाने भरलेला दिवा त्याच्या अंगावर उपडा केला. कावळा ओरडत उडाला आणि तेव्हापासून तो नखशिखान्त काळा झाला.

उत्तर ध्रुवाच्या परिसरात, जेथे हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे तोंड दाखवीत नाही, तेथे राहणाऱ्या इनुइट समाजाची ही कथा. बर्फाच्या घरात सीलच्या चरबीवर तेवणारा दगडी दिवा, म्हणजे 'कुल्लिक', हे त्या संसाराचे केंद्र होते. प्रकाश त्याचा, ऊब त्याची, अन्न शिजे ते त्याच्यावर आणि ओले कपडे वाळत तेही त्याच्यावर. तो दिवा रागाच्या भरात उपडा करणे म्हणजे काय, हे त्या घरातील पोराला सांगावे लागत नसे. बाहेरच्याला मात्र ही केवळ 'कावळा काळा का?' या प्रश्नाचे उत्तर देणारी गमतीची गोष्ट वाटते. एखाद्या समाजाची प्राणिकथा पडद्यावर आणताना खरा पेच येथेच सुरू होतो.

या पेचाचा अर्धशतकाचा इतिहास कॅनडात घडला आहे आणि तो आपणही अभ्यासावा असा आहे. परक्याच्या हातून सांगितली गेलेली कथा आणि स्वतःच्या मुखाने सांगितलेली कथा यांत कोणते अंतर असते, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच सापडेल.

सीलच्या कातड्याच्या बाहुल्या

मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस १८८३-८४ साली बॅफिन बेटावर राहिले. तेथील लोकजीवनावरचा त्यांचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि घुबड-कावळ्याची ही कथा त्याद्वारे इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली. पुढे १९२१ ते १९२४ या काळात क्नुड रासमुसेन यांनी ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत श्वानगाड्यांवरून प्रवास करून अशा कथांचे मोठे भांडार जमवले. कथा कागदावर आल्या, ग्रंथालयांत विसावल्या.

त्यांना पडद्यावर आणले ते कॅनडाच्या 'नॅशनल फिल्म बोर्ड' या १९३९ साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेने. अॅमस्टरडॅम येथे १९४० साली जन्मलेले को हुडेमन हे कलावंत कॅनडात येऊन या संस्थेत रुजू झाले होते. त्यांनी १९७१ मध्ये 'घुबड आणि लेमिंग', १९७३ मध्ये 'घुबड आणि डोमकावळा' आणि १९७५ मध्ये 'लुमाक' असे लघुपट निर्माण केले. पहिल्या दोन लघुपटांसाठी त्यांनी सीलच्या कातड्याच्या बाहुल्या बनवल्या. बाहुली केसभर हलवायची, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा छायाचित्र. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रे लागतात. बाहुलीपटाची ही तपश्चर्याच होय. हुडेमन यांनी ती निष्ठेने केली. पार्श्वभूमीला त्यांनी इनुइट आवाज वापरले, चालीरीती अभ्यासल्या, खेळ आणि नृत्ये दाखवली. त्यांच्याच 'वाळूचा किल्ला' या १९७७ च्या लघुपटाला पुढे ऑस्कर मिळाले, यावरून त्यांच्या कलेची उंची लक्षात यावी.

'घुबड आणि लेमिंग'ची कथाही गोड आहे. लेमिंग हा उंदराच्या कुळातील, हिमप्रदेशात बिळे करून राहणारा चिमुकला जीव. घुबड त्याच्या बिळाचे तोंड अडवून बसते आणि शिकार हाती आल्याच्या आनंदात असते. लेमिंग शक्तीने दुबळा, पण बुद्धीने तल्लख. तो घुबडाची स्तुती करतो, एवढी मोठी शिकार साधली तर आनंदाने नाचावयास हवे असे सुचवतो. गर्वाने फुगलेले घुबड आकाशाकडे पाहत, पाय फाकवून नाचू लागते आणि लेमिंग त्याच्या पायांमधून निसटतो. सिंहाला विहिरीतील प्रतिबिंब दाखवणारा पंचतंत्रातील ससा मराठी वाचकाला येथे आठवल्याशिवाय राहणार नाही. बळापुढे बुद्धी टिकते, हे शहाणपण हिमप्रदेशातही तितकेच जुने आहे.

मग आक्षेप कशाला? चित्रपट सुंदर, कलावंत प्रामाणिक, हेतू शुद्ध. आक्षेप त्या कलावंतावर नाहीच. प्रश्न आहे तो ज्या काळात आणि ज्या व्यवस्थेत ही कथा सांगितली गेली त्या व्यवस्थेचा. या लघुपटांच्या उपशीर्षकातच त्याची खूण आहे. तेथे 'एस्किमो दंतकथा' असे लिहिलेले आहे. तो समाज स्वतःला 'इनुइट' म्हणवतो. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ आहे 'माणसे'. 'एस्किमो' हे इतरांनी लादलेले नाव. कथा त्यांची आणि नाव मात्र दुसऱ्यांनी ठेवलेले!

एका सरकारचे दोन हात

ज्या वर्षांत एका सरकारी संस्थेचा कलावंत सीलच्या कातड्याच्या बाहुल्यांना इनुइट गाणी म्हणावयास लावत होता, त्याच वर्षांत त्याच सरकारच्या पैशाने चालणाऱ्या निवासी शाळांतून मुलांची मातृभाषा पुसली जात होती. कॅनडात अशा शाळा शतकाहून अधिक काळ चालल्या. पैसा सरकारचा, व्यवस्थापन प्रामुख्याने चर्चचे. मूळनिवासी, मेटी आणि इनुइट समाजांतील सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली. अतिउत्तरेकडील इनुइट प्रदेशात ही व्यवस्था उशिरा, म्हणजे मुख्यतः १९५० च्या दशकात पोहोचली. पण तिने तेथेही तेच केले. हडसन उपसागराच्या काठावरील चेस्टरफील्ड इनलेट येथील वसतिगृहात दूरदूरच्या वस्त्यांवरची मुले आणून ठेवली जात. आई-बाप, आजी-आजोबा, शिकारीचा तळ, श्वानगाडी आणि रात्रीची कथा, या साऱ्यांपासून मूल तोडले गेले. त्यातील शेवटच्या शाळा बंद होण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले.

२००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमायाचना केली. त्याच वर्षी नेमलेल्या सत्यशोधन आणि सामोपचार आयोगाने २०१५ मध्ये अंतिम अहवाल सादर केला आणि या साऱ्या धोरणाला 'सांस्कृतिक वंशसंहार' असे नाव दिले. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस क्षमा मागण्यासाठी कॅनडात गेले. त्या दौऱ्याचा शेवटचा मुक्काम होता इनुइटांच्या नुनावुत प्रदेशाची राजधानी इकालुइत. हे कोणा टीकाकाराचे आरोप नव्हेत. ज्यांच्याकडून घडले त्यांनीच दिलेली ही कबुली आहे.

मिशनऱ्यांनी 'अंगाक्कुक' म्हणजे इनुइटांचा अध्यात्मिक मार्गदर्शक याला सैतानाचा हस्तक ठरवले. ढोलाचे नृत्य, स्त्रियांचे कंठगान, चेहऱ्यावरील गोंदण या साऱ्यांवर पापाचा शिक्का बसला. प्राणिकथांचा गाभा या अंगाक्कुकच्या विश्वाशी जोडलेला होता. तो गाभा निंद्य ठरला आणि कथेचे केवळ टरफल 'मुलांची गंमत' म्हणून उरले. जे टरफल निरुपद्रवी होते, तेच पडद्यावर गेले.

न्यायबुद्धीने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. इनुइट भाषा आज ज्या अक्षरचिन्हांत लिहिली जाते, त्यांचा प्रसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडमंड पेक या मिशनऱ्यानेच केला. आज बहुसंख्य इनुइट ख्रिस्ती आहेत आणि त्यांतील अनेकांची श्रद्धा मनःपूर्वक आहे. तिचा अवमान करण्याचे कारण नाही. आक्षेप श्रद्धेवर नाही. मुलाच्या तोंडची भाषा आणि आजीच्या तोंडची कथा हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही पंथाला वा सरकारला नाही, एवढेच म्हणावयाचे आहे.

प्राणी म्हणजे केवळ पात्र नव्हे

कथा हिरावली जाते म्हणजे नेमके काय हिरावले जाते, हे समजण्यासाठी सेडनाची कथा पाहावी. समुद्राच्या तळाशी राहणारी ही स्त्री. तिच्या पित्याने तिला नावेतून समुद्रात लोटले. ती नावेची कड धरून लोंबकळू लागली, तेव्हा त्याने तिची बोटे कापली. त्या बोटांच्या पेरांपासून सील, वॉलरस आणि देवमासे जन्माला आले. म्हणून समुद्रातील प्रत्येक जीव तिचा. माणसे नियम मोडू लागली, मारलेल्या प्राण्याचा अनादर करू लागली, की तिच्या केसांत गुंता होतो आणि प्राणी तेथेच अडकून पडतात. मग शिकार मिळत नाही, वस्ती उपाशी राहते. अशा वेळी अंगाक्कुकने समुद्रतळी उतरावे आणि तिचे केस विंचरून द्यावेत. बोटे नसल्याने ते तिला स्वतःला करता येत नाही!

जेथे धान्याचा एक कणही उगवत नाही, तेथे माणूस शिकारीवरच जगणार. भारतीय शाकाहारी मनाला हे रुचणार नाही कदाचित. पण त्या शिकारीमागील भाव पाहिला पाहिजे. मारलेल्या सीलच्या मुखात गोड्या पाण्याचे थेंब घालण्याची रीत इनुइटांत होती. खाऱ्या पाण्यात राहणारा तो जीव तहानलेला असतो आणि सन्मानाने निरोप दिला तर तो पुन्हा येतो, अशी त्यामागील धारणा. सर्व जीवांत एकच चैतन्य पाहणाऱ्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हा भाव परका वाटण्याचे कारण नाही. इनुइट परंपरा वेगळी आहे. तिला ओढून-ताणून आपल्या चौकटीत बसवण्याचे प्रयोजन नाही. परंतु सृष्टीकडे केवळ उपभोगाची वस्तू म्हणून न पाहणारी ती एक प्राचीन दृष्टी आहे, हे मान्य करण्यास कोणाची हरकत असावी?

अशा समाजाच्या कथेतील घुबड, कावळा, सील हे माणसांच्या वेषातील विदूषक नसतात. ते शेजारी असतात, कधी पूर्वज असतात. त्यांच्याशी कसे वागावे याचा धर्म कथेत सांगितलेला असतो. हा धर्म गाळून उरलेली गोष्ट पडद्यावर कितीही मोहक दिसली तरी ती अर्धीच राहते.

कथा घरी परतली

इनुइटांनी या स्थितीवर केवळ शोक केला नाही. त्यांनी साधन हाती घेतले, हे त्यांच्या इतिहासातील सर्वाधिक प्रेरक पर्व.

बॅफिन बेटावरील केप डॉर्सेट (आजचे किनगाइत) हे गाव १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथील मुद्राचित्रांसाठी जगभर ख्याती पावले होते. केनोजुआक अशेवाक या कलावतीचे १९६० मधील 'मंतरलेले घुबड' हे चित्र कॅनडाच्या टपाल तिकिटावरही झळकले. याच गावातील तरुणांना नॅशनल फिल्म बोर्डाने ॲनिमेशनचे शिक्षण दिले आणि त्यांनी केलेल्या लघुपटांचा संग्रह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी हुडेमन यांचा 'घुबड आणि डोमकावळा' आला, त्याच वर्षी इनुइट हातांनी केलेली चित्रे हलू लागली होती. बीज तेव्हाच पडले होते.

त्याच सुमारास इग्लूलिक या छोट्याशा वस्तीने जे केले, ते जगातील कित्येक राष्ट्रांना साधलेले नाही. दूरचित्रवाणी गावात आणावी काय, यावर तेथे १९७० च्या दशकात दोनदा मतदान झाले आणि दोन्ही वेळा गावाने नकार दिला. कारण सरळ होते. त्या पेटीत एकही शब्द त्यांच्या भाषेतील नव्हता. १९८१ मध्ये 'इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन' ही त्यांची स्वतःची प्रसारण संस्था उभी राहिली. स्वभाषेतील कार्यक्रम सुरू झाल्यानंतरच इग्लूलिकने दूरचित्रवाणीला दार उघडले. या संस्थेच्या 'ताकुगिनाई' या बालकार्यक्रमात एक बाहुली इनुइट मुलांची लाडकी झाली. ती बाहुली होती लेमिंगची. दहा-पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या चित्रपटात नाचलेला तो चिमुकला जीव आता घरच्या भाषेत, घरच्या मुलांशी बोलू लागला.

याच इग्लूलिकच्या झकारियास कुनुक यांनी १९८१ मध्ये आपली दगडी शिल्पे विकून व्हिडिओ कॅमेरा घेतला. वीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांच्या 'अतानारजुआत' या संपूर्ण इनुइट भाषेतील चित्रपटाने कान महोत्सवात प्रथम दिग्दर्शनाचा मानाचा पुरस्कार पटकावला. पुढे २०२१ मध्ये त्यांनी बाहुलीपटाचेच माध्यम वापरून एक लघुपट केला. एका आजारी माणसाच्या दुखण्याचे मूळ शोधण्यासाठी आजी आपल्या शिकाऊ नातीला भूमीखालच्या शक्तीकडे नेते, अशी त्याची कथा. ज्या अंगाक्कुकला शतकापूर्वी सैतान ठरवले गेले होते, तोच आता अभिमानाने पडद्याच्या मध्यभागी आला. ॲनेसीच्या आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन महोत्सवात समीक्षकांनी आणि टोरांटो महोत्सवात परीक्षकांनी या लघुपटाला गौरवले.

एकच कथा, दोन वेळा

या साऱ्या प्रवासाचा अर्थ एका उदाहरणात एकवटला आहे. हुडेमन यांच्या १९७५ च्या 'लुमाक'ची कथा अंध मुलाची आणि लून या पाणपक्ष्याची. कागदाची कापलेली चित्रे हलवून तो लघुपट केलेला होता. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा इनुइटबहुल स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला. त्यानंतरच्या दशकात नॅशनल फिल्म बोर्डाने इनुइट संस्थांच्या सहकार्याने तेथील कलावंतांसाठी ॲनिमेशनची कार्यशाळा चालवली. तिच्यातून २०१० मध्ये जे चार लघुपट बाहेर आले, त्यांतील एक होता 'लुमाजूक'. तीच अंध मुलाची कथा. दिग्दर्शिका होती इकालुइतची इनुइट कन्या अलेथिया अर्नाकुक-बारिल.

निर्दय आई अंध मुलाला कुत्र्याचे मांस खाऊ घालते, थंडीत कुडकुडत ठेवते. लून पक्षी मुलाला दृष्टी मिळवून देतो आणि सत्यही सांगतो, की त्याला आंधळे करणारी त्याची आईच आहे. मुलगा सूड घेतो. समुद्रातील देवमाशाला भाला लागतो, भाल्याची दोरी आईच्या देहाला बांधलेली असते आणि मुलगा आधाराचा हात सोडतो. आई समुद्रात ओढली जाते. परंपरेनुसार तिची पिळलेली वेणी म्हणजेच नारव्हाल या देवमाशाचा लांब पिळदार दात.

'नारव्हालला दात कसा आला?' एवढ्यावर ही कथा संपवता येते. बाहेरच्या संग्राहकांनी कित्येकदा ती तशीच संपवली. या लघुपटाचा रोख मात्र सूडाच्या परिणामांवर आहे. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याने सूड घेतला तर पुढे काय? ज्याला दृष्टी मिळाली, त्याला खरोखर दिसू लागले काय? ज्या समाजाच्या एका पिढीवर अतोनात अन्याय झाला, त्या समाजातील एक तरुणी जेव्हा हा प्रश्न विचारते, तेव्हा ती केवळ जुनी कथा सांगत नसते. ती आपल्या लोकांशी बोलत असते. हा अर्थ कितीही सहृदय असलेल्या परक्या कलावंताला हाती लागणे अवघड. कारण तो कथा जाणतो, पण तिचे ओझे वाहत नाही.

कथेला कुंपण घालावे काय?

येथे एक रास्त शंका उपस्थित होईल. कथा काही कोणाच्या मालकीची नसते. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात गेले, आठव्या शतकात अरबीत उतरले आणि पुढे युरोपभर पसरले. त्यावर भारताने कधी पहारा बसवला नाही. मग इनुइट कथांनाच कुंपण का?

उत्तर असे की पंचतंत्र परदेशी गेले तेव्हा ते सांगणाऱ्यांची जीभ येथे कोणी छाटलेली नव्हती. कथा बाहेर गेली आणि घरातही नांदत राहिली. दान आणि अपहार यांत फरक असतो तो हाच. ज्याच्या घरात कथा जिवंत आहे, त्याने ती जगाला द्यावी, जगाने ती आनंदाने घ्यावी. परंतु घरातील कथेकऱ्याला मुका करून त्याची कथा बाहेर मांडणे हे दान नव्हे.

परका म्हणून प्रत्येक जण अपात्र, असेही नाही. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने रामायणावर ॲनिमेशनपट करण्याचे ठरवले, तेव्हा १९८० च्या दशकात विश्व हिंदू परिषदेकडून जपानी दूतावासाकडे आक्षेपाचे पत्र गेले होते. भारताचा हा राष्ट्रीय ठेवा परक्याने मनमानी पद्धतीने रंगवू नये, ही त्यामागील काळजी. साको यांनी तो आक्षेप झटकून टाकला नाही. ते भारतात आले, भेटले, बोलले आणि गैरसमज दूर केला. त्यांनी रामायणाचे अनेक अनुवाद अभ्यासले, ज्येष्ठ भारतीय ॲनिमेटर राम मोहन यांना सहदिग्दर्शक म्हणून सोबत घेतले. १९९२ मध्ये पूर्ण झालेला तो चित्रपट आजही श्रद्धेने पाहिला जातो आणि जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा झळकला. कसोटी पारपत्राच्या रंगाची नाही. ज्याची कथा आहे त्याला विचारले काय, त्याला सोबत बसवले काय, त्याचा नकार ऐकण्याची तयारी ठेवली काय, हीच खरी कसोटी.

आरसा आपल्याकडे

कॅनडाच्या या कहाणीवर मान डोलावणे सोपे आहे. तोच आरसा स्वतःकडे वळवणे अवघड. आपल्याकडे प्रारंभ उत्तम झाला होता. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये ॲनिमेशनचा विभाग सुरू झाला, तेव्हा प्रशिक्षणासाठी डिस्नेचे क्लेअर वीक्स यांना बोलावण्यात आले. 'बॅम्बी' या हरणाच्या पाडसावरील प्रसिद्ध चित्रपटात त्यांनी काम केले होते. परंतु १९५७ मध्ये येथे जो ॲनिमेशनपट निघाला, त्यातील हरीण अमेरिकी अरण्यातील नव्हते. ते होते जातककथेतील न्यग्रोधमृग. गर्भवती हरिणीचा वध टळावा म्हणून जो स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवतो आणि राजाकडून साऱ्या प्राणिमात्रांसाठी अभय मिळवतो. शैली घेतली होती अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची. गुरू परदेशी, तंत्र परदेशी, पण कथा, रेषा आणि दृष्टी आपली. हीच जातके दुर्गाबाई भागवतांनी पुढे मराठीत आणली. पण तो ओघ पडद्यावर किती टिकला? आज मराठी घरातील चार वर्षांचे मूल ज्या प्राण्यांना नावानिशी ओळखते, त्यांपैकी किती पंचतंत्रातील आणि किती परदेशी वाहिन्यांवरील, याचा हिशेब प्रत्येक पालकाने आपापल्या घरी मांडावा.

त्याहून कठीण प्रश्न आपल्या वनांचलाचा. मेळघाटातील कोरकू, डहाणू-जव्हारचे वारली, सातपुड्यातील भिल्ल, गडचिरोलीचे गोंड यांच्याकडे प्राणिकथांचे अक्षय भांडार आहे. 'इनुइट' म्हणजे माणसे, तसेच 'कोरकू' या शब्दाचाही अर्थ माणसेच! बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाचे कार्य आरंभले, ते वनवासी बंधूंची श्रद्धा आणि अस्मिता अबाधित राहावी म्हणून. मिशनऱ्यांच्या शाळांवर टीका करण्याचा अधिकार त्यालाच पोहोचतो, जो स्वतः तीच चूक करत नाही. शहरातून कॅमेरा घेऊन जायचे, वारली चित्रातील माणसे संगणकावर नाचवायची, संवाद पुस्तकी मराठीत लिहायचे, तात्पर्य आपल्या मनाचे जोडायचे आणि श्रेयनामावलीत पाड्यावरील म्हाताऱ्या कथेकऱ्याचे नावही घालायचे नाही, हे घडत असेल तर आपण कोणत्या तोंडाने कॅनडाला दोष देणार? त्यांची कथा शुद्ध करून, सोवळी करून सांगण्याचा मोह हाही एक प्रकारचा अपहारच आहे, मग तो आत्मीयतेपोटी का असेना.

मार्ग इनुइटांनी दाखवून दिला आहे. आधी ज्येष्ठांच्या मुखातून, त्यांच्याच बोलीत कथा ध्वनिमुद्रित व्हाव्यात. आश्रमशाळांतील हुशार मुलामुलींना ॲनिमेशनचे तंत्र शिकवावे. आज हे तंत्र एका साध्या संगणकावर मावते. लघुपट प्रथम कोरकूत, वारलीत, भिलीत निघावा, मराठी अनुवाद मागाहून यावा. तयार झालेला लघुपट महोत्सवात जाण्यापूर्वी पाड्यावर दाखवला जावा आणि तेथील जाणत्यांनी 'हे असे नाही' म्हटले तर तो बदलण्याची नम्रता असावी. यास कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागते ती ऐकण्याची तयारी. साहाय्य करणाऱ्या संस्थांनी शिक्षक व्हावे, साधने पुरवावीत, पण कथेकरी होऊ नये.

नुनावुतची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार अवघी सुमारे ३७ हजार, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या लहान नगराएवढी. एवढ्याशा समाजाने आपली भाषा पडद्यावर आणली, आपल्या प्रदेशाला आपले नाव दिले आणि हिरावलेली कथा परत मिळवली. बारा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या महाराष्ट्राला हे का साधू नये?

इनुइटांच्या पारंपरिक घरात कुल्लिकची वात सतत सारखी करत राहण्याचे काम घरातील स्त्रीचे असे. लक्ष चुकले तर दिवा धूर सोडतो, काजळी धरतो आणि अखेर विझतो. मेळघाटातील आजी आजही शेकोटीशी बसून कथा सांगते आहे. ती वात सारखी करण्याचे काम तिच्या नातीचे आहे. तिच्या हाती साधन देणे आणि मग शांतपणे बाजूला बसून ऐकणे, एवढेच आपले.